जवळच्या माणसांचा रकाना

कुवेतमध्ये मिरकाब भागातल्या आमच्या ऑफिसात कंप्लायन्सचं, म्हणजे सगळे कायदे-नियम पाळले जातायत ना हे पाहण्याचं काम करणारा एक इजिप्शियन गृहस्थ आहे. अतिशय सभ्य माणूस. कुणाला काही विचारायचं असलं की आधी तुमच्या तब्येतीची, मग तुमच्या घरच्यांच्या तब्येतीची चौकशी करणार आणि मग मुद्द्यावर येणार. त्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला, तब्येत विचारली, घरचे कसे आहेत विचारलं, आणि एक फॉर्म पुढे ठेवला. मी तो भरला आणि परत दिला. त्यानं चष्मा वर करून एका रकान्याकडे पाहिलं.

"मॅडम, इथे तुम्ही 'कोणी नाही' लिहिलंय."

"हो."

"अजिबात कोणी नाही?"

मला राग आला. आम्हा पुण्याच्या माणसांना राग लवकर येतो असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत ते खरं आहे, त्यामुळे मी वाद घालत नाही. मी म्हटलं, "भाऊ आहे पुण्याला, पण तुमच्या फॉर्ममध्ये भाऊ धरत नाहीत. आणि धरत असले तरी तो दिवाळीला फोन करतो, तोही मी आधी केला नाही तर." तो बिचारा ओशाळला आणि फॉर्म घेऊन गेला.

हा काय प्रकार होता ते सांगायला हवं. आमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. संचालक मंडळाच्या सेक्रेटरीच्या हाताखाली मी काम करते. बैठकांचे कागद तयार करायचे, काय ठरलं ते लिहून काढायचं, आणि बाजाराला कळवायच्या गोष्टी वेळेवर कळवायच्या. अशा कंपनीत काही मोठं घडणार असेल, एखादा धंदा विकायचा असेल किंवा घ्यायचा असेल, तर ते सगळ्या जगाला एकदमच कळलं पाहिजे असा कायदा आहे. तोवर ज्यांना ज्यांना ते ठाऊक असतं त्यांची यादी होते. यादीत नाव चढलं की तोंडाला कुलूप. शेअर घ्यायचे नाहीत, विकायचे नाहीत, कुणाला सांगायचं नाही. आणि तुमच्या जवळची माणसं कोण, हेही लिहून द्यायचं. जवळची म्हणजे नवरा किंवा बायको, आईवडील, मुलं, आणि तुमच्यावर अवलंबून असलेले. कारण बातमी फुटते ती तिथूनच.

लग्न मी केलं नाही. का केलं नाही हे विचारणारी पिढी आता संपत आली, एवढंच त्यातलं समाधान. आई आणि बाबा दोघंही गेले. तेव्हा त्या रकान्यात मी जे लिहिलं ते कायद्यानं बरोबरच होतं. पण संध्याकाळी ऑफिसच्या व्हॅनमधून महबूलाला घरी परतताना मला ते टोचत राहिलं, कारण ते खरं नव्हतं.

महबूलात माझ्या दारासमोर जे दार आहे ते तेव्हा त्यांचं होतं. देवगडकडचं कुटुंब. तो, ती आणि मुलगी. तो मीना अल-अहमदीला रिफायनरीत तंत्रज्ञ, म्हणजे रिफायनरीचा नोकर नव्हे, देखभालीचं कंत्राट असलेल्या एका कंपनीचा. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला ताई. ती वहिनी. मुलगी मला आत्या म्हणायची. इथे वाढलेली पोर, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत देणार, पण 'आत्या' तेवढं मराठीत. मला तेवढं पुरायचं.

आमची ओळख कशी झाली ते आता नीट आठवत नाही. बहुतेक लिफ्ट बंद पडली होती आणि वहिनी सामानाच्या पिशव्या घेऊन जिन्यात बसली होती. पण घरोबा कशानं झाला ते पक्कं आठवतं. मी शाकाहारी. मालवणी घरात शाकाहारी पाहुणा म्हणजे डोक्याला ताप. वहिनीनं मला पहिल्या दिवशी विचारलं, "मग तू जेवतंस तरी काय गो?" आणि मग दर शुक्रवारी त्यांच्या सुरमईच्या कढईशेजारी माझ्यासाठी एक वेगळं पातेलं चढायला लागलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी. जाळीदार, मऊ, कडेनं किंचित कुरकुरीत. जुमाच्या नमाजाची बांग झाली की थोड्या वेळानं समोरचं दार उघडायचं आणि आतून हाक यायची. आठवड्यातल्या बाकीच्या दिवशी मी काय खायची ते सांगण्यासारखं नाही.

वहिनीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. ती माणसाचं ताट वाचायची. तोंडावर तिचा विश्वास नव्हता. तोंड काय, कायपण सांगतं, असं ती म्हणायची. माझी आई गेली तेव्हा मला फोन पहाटे आला. तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि मी नेहमीप्रमाणे जेवायला गेले, कारण एकटीनं खोलीत बसणं जमेना, आणि सांगितलं असतं तर रडू आलं असतं. मी गप्पा मारल्या, हसले, शाळेची चौकशी केली. वहिनीनं माझ्या ताटाकडे पाहिलं. आंबोळीचे तुकडे करून मी ते ताटातच इकडून तिकडे फिरवत होते. ती उठली, माझं ताट उचलून बाजूला ठेवलं, आणि माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "कोण गेला?" एवढंच विचारलं.

त्या घराशिवाय कुवेतमध्ये मला दुसरं दार नव्हतं. हे मी तेव्हाही जाणून होते.

तर तो फॉर्म. फॉर्म कशासाठी होता ते मला त्याच दिवशी दुपारी कळलं. आमच्याकडे असल्या गुपित व्यवहाराला टोपणनाव द्यायची पद्धत आहे. मोठे साहेब खजुरांचे शौकीन, त्यांनी नाव ठेवलं 'बरही'. खजुराची एक जात आहे ती, पिवळी, ताजी असताना करकरीत लागते. बरहीचे कागद माझ्याकडे टाइप करायला आले. आमच्या मूळ कंपनीच्या पोटात बऱ्याच लहान कंपन्या आहेत. त्यातली एक विकायची होती. मी पहिलं पान उलटलं आणि नाव वाचलं. भाऊ जिथे नोकरी करायचा तीच.

घेणाऱ्याला तिची कंत्राटं हवी होती, यंत्रं हवी होती. माणसं नको होती, त्याची स्वतःची माणसं होती. एका ओळीत ते लिहिलेलं होतं: मनुष्यबळ हस्तांतरणात समाविष्ट नाही. ती ओळ मी टाइप केली. व्याकरण तपासलं. ओळीत एक स्वल्पविराम जास्तीचा होता, तो काढला.

मग सगळ्या यादीवाल्यांना त्या इजिप्शियन गृहस्थानं एका खोलीत बसवून समज दिली. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं. तो म्हणाला, "घरी नेहमीसारखं वागा. तुमच्या वागण्यात बदल झाला तर तोही एक प्रकारे बातमी सांगणंच आहे." माणूस हुशार आहे, यात शंका नाही.

कुणी म्हणेल, एवढं काय त्या कायद्याचं? भाऊनं जन्मात कधी शेअर घेतला नव्हता. त्याला शेअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला सांगितलं असतं तर बाजाराचं काय वाकडं झालं असतं? मीही स्वतःला हे विचारलं. एकदा नाही, रोज विचारलं. पण मला दुसरंही एक आठवत होतं. माझे बाबा पुण्यात एका कचेरीत कारकून होते. आयुष्यभराच्या बचतीतून त्यांनी एका कंपनीचे शेअर घेतले होते. त्या कंपनीचं काहीतरी बिनसलं. आतल्यांना आधी कळलं, आतल्यांच्या मेहुण्यांना कळलं, मेहुण्यांच्या मित्रांना कळलं. ते विकून मोकळे झाले, आणि ज्यांना कुणी मेहुणा नव्हता त्यांच्या गळ्यात ते कागद राहिले.  त्यानंतर बाबा वर्तमानपत्रातलं बाजाराचं पान न वाचता घडी घालून बाजूला ठेवायचे. म्हणून मी या कामात आले असं म्हणणं जरा नाटकी होईल. पण या कामातला हा एक नियम असा होता की तो मी नुसता पाळत नव्हते, तो मला पटलेला होता. आपल्या माणसाला आधी सांगायचं नाही. सगळ्यांना सारखं कळू द्यायचं. बाबांसारख्या माणसांसाठीच तो नियम होता.

आता भाऊ तसाच माणूस होता हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण त्याला सांगितलं की त्याच्यासारख्या दुसऱ्या कुणावर अन्याय होणार, आणि नाही सांगितलं की त्याच्यावर. यातून मला मार्ग सापडला नाही. आजही सापडलेला नाही.

पुढच्या शुक्रवारी जेवायच्या आधी भाऊनं विषय काढला. त्याला रिफायनरीतल्याच दुसऱ्या एका कंत्राटदाराकडून बोलावणं आलं होतं. पगार थोडा बरा. पण साइट लांब, वाळवंटात, पहिले काही महिने कॅम्पवर राहायचं, आणि शुक्रवारची सुट्टीही नक्की नाही. मुलीचं दहावीचं वर्ष होतं. तिला गणित तोच शिकवायचा. वहिनीला तो घरात हवा होता. त्या कंत्राटदाराला दोन दिवसांत कळवायचं होतं.

"काय करूचा?" तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, तू तर हेड ऑफिसात. आमच्या कंपनीचा काय कानावर इला तुझ्या?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते मला माहीत नाही. तेवढ्यात तोच हसला. "र्‍हवांदे. तू काय्येक बोलू नको. तुझी नोकरी जायत. माका कळता." आणि तो खरंच कळल्यासारखा दुसऱ्या गोष्टी बोलायला लागला. इतकं समजून घेणारी माणसं भेटली की कठीण होतं. त्यानं दोनदा विचारलं असतं, चिडला असता, तर मीही चिडले असते आणि त्या चिडण्यातून काहीतरी निसटून गेलं असतं.

मी मनात वाक्यं जुळवत होते. 'चांगली संधी असेल तर माणसानं घ्यावी.' हे काही गुपित नाही, हे कुणीही कुणालाही सांगेल. पण मी त्या दिवशी ते सांगितलं असतं तर ते कुणीही कुणाला सांगितल्यासारखं राहिलं नसतं. ओठांवर आलेलं गिळलं. मग वाटलं, डोकं दुखतंय म्हणून उठून जावं. पण उठून गेले असते तर वहिनीनं अर्थ लावला असता. आणि न जेवता बसले असते तर तिनं तो नक्कीच लावला असता. त्या घरात मला लपायला जागा नव्हती, कारण तिथे मी कधी लपलेच नव्हते.

मुलीनं मधल्या बशीत पिवळे खजूर आणून ठेवले. "आत्या, ट्राय दीज. बरही." मला असा ठसका लागला की भाऊ पाणी आणायला धावला. माझ्या आयुष्यात इतका हास्यास्पद क्षण दुसरा आला नसेल, आणि तो सांगून हसायला माझ्याकडे कुणी नव्हतं. ज्यांच्याबरोबर हसले असते ते समोरच बसले होते.

मग वहिनीनं वाढलं.

मी जेवले. कशी जेवले ते मला अजून सांगता येईल. पहिली आंबोळी सांबाऱ्यात बुडवून, नेहमीप्रमाणे कड आधी खाऊन, मग मधला मऊ भाग. घास घशाखाली उतरत नव्हता, तो सोलकढीच्या घोटाबरोबर उतरवला. दुसरी आंबोळी घेतली. वहिनी माझ्या ताटाकडे बघत होती आणि ती बघतेय हे मला कळत होतं. नेहमी मी दोनवर थांबते. ती म्हणाली, "घे गो आणखी एक. कोपऱ्यात बसतली." मी नेहमीसारखं नको नको म्हटलं, तिनं नेहमीसारखा आग्रह केला, आणि मी तिसरीही घेतली. ती संपवली. बोटं चाटली. ताट लखलखीत झालं. 

मला वाटलं होतं, रिकामं ताट काही बोलत नाही. बातमी असते ती ताटात उरलेल्या अन्नात, असं मी धरून चालले होते.

त्या आठवड्याच्या शेवटी वहिनी लिफ्टपाशी भेटली. खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दूध घेऊन येत होती. चेहरा हलका झालेला. "ह्यांनी नको म्हणान सांगल्यांनी," ती म्हणाली. "ते म्हणा होते जाव्या, जाव्या. मीच सांगलंय, जाव नकात. ताई कशी पोटभर जेवली ती बघलास ना? तिका काय ठावक असता तर तिच्या घशाखाली घास उतारलो नसतो. माझो जीव भांड्यात पडलो."

मी विचारलं, "त्यांना कळवलं पण?"

"कळवलां. तेंनी दुसरो माणूस घेतल्यांनी."

लिफ्ट आली. आम्ही दोघी आत शिरलो. ती दहावीच्या पुस्तकांबद्दल काहीतरी सांगत होती. मी हं हं म्हणत होते.  तो इजिप्शियन म्हणाला होता की वागणं बदललं तर ती बातमी. वागणं बदललं नाही तर तीही बातमीच, हे त्यानं सांगितलं नव्हतं. आणि ती चुकीची बातमी मी दिली होती, तिन्ही आंबोळ्या खाऊन. कायद्याच्या दृष्टीनं माझ्या हातून काहीच घडलं नव्हतं. एक बाई शेजाऱ्यांकडे जेवली होती, बस्स.

त्यानंतरचे शुक्रवारही मी गेले. तसंच जेवले. आता तर थांबताच येत नव्हतं. समोर बसून त्यांच्याकडे पाहायची तेव्हा वाटायचं, ही माणसं माझ्यापासून एका टेबलाच्या अंतरावर आहेत आणि मी त्यांच्यापर्यंत पोचू शकत नाही. खोलीत एकटीनं राहण्याची मला सवय होती. भरल्या घरात, वाढणारं माणूस समोर असताना इतकं एकटं वाटू शकतं हे मला तेव्हा कळलं. त्याच्याइतकं वाईट मला त्याआधी काही वाटलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान खांदा होता.

व्यवहार पक्का झाला. बाजार उघडायच्या आधी निवेदन पाठवायचं असतं. ते अरबीत आणि इंग्रजीत मीच चढवलं. नेहमीप्रमाणे दोनदा तपासलं आणि बटण दाबलं. मग थोडा वेळ काहीच झालं नाही. खिडकीबाहेर मिरकाबच्या रस्त्यावर गाड्या नेहमीसारख्या चालल्या होत्या. माझ्या वरच्या सेक्रेटरीनं सुटकेचा निश्वास टाकून कॉफी मागवली, मलाही विचारलं. मी हो म्हटलं. दुपारपर्यंत रिफायनरीतल्या माणसांच्या ग्रुपवर ते पोचलं असणार. भाऊचा फोन आला नाही.

संध्याकाळी मी स्वतःहून त्यांची बेल वाजवली. आयुष्यात मी काही धीट गोष्टी केल्या असतील तर त्यातली ही एक. वहिनीनं दार उघडलं. आत भाऊ सोफ्यावर बसला होता, कामाचे बूट अजून पायात. मुलगी तिच्या खोलीच्या दारात उभी. टीव्ही बंद होता. त्या घरात टीव्ही बंद मी प्रथमच पाहत होते.

वहिनीनं विचारलं, "तुका ठावक होता?"

खोटं बोलता आलं असतं. शेवटी कागद वर ठरतात, आम्हाला फक्त टाइप करायला येतात, असं म्हणता आलं असतं.

"हो," मी म्हटलं.

"त्या दिवसा? जेवलंस त्या दिवसा?"

"हो वहिनी. सांगायची बंदी होती. कायदा आहे. मला..."

तिनं हात वर केला. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे अशी पाहत होती की जणू तिला वाचता येणारी एकच भाषा होती आणि ती आज तिला येईनाशी झाली होती.

"सांगूक नाय तर नाय सांगलंस," ती म्हणाली. "मी विचारूक पण नाय तुका. पण तू जेवलंस गो. तीन खाल्लंस."

भाऊ सोफ्यावरून म्हणाला, "ताईचो काय दोष? तिचा कामच तसला. मी असतंय तर मीपण तसाच केलंय असतंय." तो मनापासून म्हणत होता. मला तिथे उभं राहवेना. मी माझ्या घरात आले, दार लावलं, आणि जमिनीवरच बसून खूप रडले. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

नंतरचं थोडक्यात. भाऊनं खूप खटपट केली. ज्या कंत्राटदाराला नको म्हटलं होतं त्याच्याकडेही जाऊन आला, तिथे आता जागा नव्हती. नोकरीवरच इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि इकाम्यावर कुटुंब. नोटिशीचे दिवस संपत आले तसं ठरलं की त्यानं ओळखीच्या माणसाकडे मस्कतला जायचं, एकट्यानं, आणि दोघींनी देवगडला. मुलीचं वर्ष तिथल्या शाळेत कसंबसं पुरं करायचं. मी माझ्यापरीनं चार ठिकाणी शब्द टाकला. माझ्या शब्दाला वजन नाही हे मला आधीच माहीत होतं, तेव्हा खात्री पटली.

शुक्रवारची हाक बंद झाली. भांडण झालं नाही. मुलगी लिफ्टमध्ये भेटली तर 'हाय आत्या' म्हणायची, आणि मोबाइलमध्ये बघायची. वहिनी दारात भेटली तर हसायची. फक्त मला 'तू' म्हणणं तिनं सोडलं. "तुम्ही कामावरून इलास?" असं विचारायला लागली. आमच्या वयात फार अंतर नव्हतं, पण मी थोडी मोठी, तेव्हा तिनं तुम्ही म्हणणं रीतीला धरूनच होतं. तक्रार तरी काय करणार?

त्या दोघी जाण्याच्या आदल्या दिवशी निरोपाला वहिनी माझ्याकडे येणार असं भाऊनं सांगितलं. मी रजा घेतली. सकाळपासून आंबोळीचं पीठ फुगलंय का ते बघत होते. माझ्या हाताला ती चव नाही, जाळी पडत नाही, पहिल्या दोन तव्याला चिकटल्या. वाटाण्याचं सांबारं तिच्यासारखं वाटण करून केलं. टेबलावर तिचं ताट मांडलं. ती आली ती दारातच उभी राहिली. मी हात धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं, वाढलं.

"मी आताच जेवान इलंय," ती म्हणाली.

"एकच घ्या. अर्धी घ्या."

"नको. पोटात जागा नाय."

मी आग्रह केला. नेहमी ती करायची तसा केला, कोपऱ्यात बसेल म्हटलं. ती हसली, आणि ताट दोन बोटांनी हळूच, अगदी थोडंसं, माझ्याकडे सरकवलं. समोरच्या घरात तेव्हा भांडीकुंडी बांधून झाली होती, गॅस काढून नेला होता. ती कुठे जेवली असणार? मला ताट वाचायला तिनंच शिकवलं होतं. ते मला वाचता आलं. आम्ही थोडा वेळ विमानाच्या वेळेबद्दल आणि सामानाच्या वजनाबद्दल बोललो. मग ती म्हणाली, "तुम्ही बसा. माका निघाक व्हया." दारात तिनं माझ्या दंडावर हात ठेवला, क्षणभर. मग गेली.

त्या आंबोळ्या मी फेकल्या नाहीत. दोन दिवस त्याच खाल्ल्या. वाईट झाल्या होत्या.

समोरच्या घरात आता एक फिलिपिनो नर्स राहते. चांगली आहे, लिफ्टचं दार माझ्यासाठी धरून ठेवते. शुक्रवारी बांग झाली की मी अजून थोडा वेळ काही खात नाही. भूक नसते असं नाही.

परवा नवा व्यवहार आला. नवं टोपणनाव, पुन्हा खजूरच. तो इजिप्शियन गृहस्थ माझ्या टेबलापाशी आला. तब्येत विचारली. घरचे कसे आहेत विचारलं. मी ठीक म्हटलं. आता त्यांच्याकडे सोय झाली आहे, फॉर्म कोरा येत नाही, मागची माहिती आधीच छापलेली असते. जवळच्या माणसांच्या रकान्यात छापलं होतं, 'कोणी नाही'. खाली बारीक अक्षरात सूचना होती की यात बदल झाला असल्यास कळवावे.

बदल झाला होता; मागच्या वेळी ते खरं नव्हतं. मी पेन हातात घेऊन बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिले, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मागच्यासारखंच ना?"

मी हो म्हटलं आणि सही केली.